कायमचे अध्यक्ष

मराठी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी आंजर्लेकरांच्या विरोधात मी तीनदा उभा राहिलो आणि तिन्ही वेळा त्यांनीच मला हाताला धरून उभं केलं. खुर्चीवर बसलेला माणूस स्वतःसाठी विरोधक शोधत फिरतो, हे मी बहारीनमध्येच पाहिलं.

मनामाच्या जुन्या बाजारामागे एका खोलीत आम्ही चौघं राहायचो. आंजर्लेकर एसीच्या वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर, मी ड्रायव्हर. निवडणूक जवळ आली की ते माझ्या खाटेवर येऊन बसायचे.

"शिंदे, उभा रहा रे."

"अध्यक्ष, तुमच्यासमोर उभं राहायला आहे कोण? बसा की गप बिनविरोध."

"बिनविरोध म्हंजे निवडणूक नाय. निवडणूक नाय म्हंजे प्रचार नाय. लोकशाही आहे, खलास!"

या 'लोकशाही आहे, खलास'पुढे कोणाचं काही चालायचं नाही. खरं तर आम्हाला मत होतं कुठे? इथं आम्ही परके, आणि गावाकडे मतदान व्हायचं तेव्हा आम्ही इथं. उरलं मंडळ. तिथं अध्यक्षाचा अधिकार काय, तर गणपतीत हॉलच्या चाव्या सांभाळायच्या आणि माईक बंद पडला की बोलणी खायची. एवढ्यासाठी हा माणूस महिनाभर आधीपासून पांढरा शर्ट इस्त्री करून खिळ्याला टांगून ठेवायचा.

प्रचार शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी. उम्म अल हस्समच्या फ्लॅटांत फॅमिलीवाले राहायचे, त्यांच्या दारोदार. मलाही बरोबर न्यायचे. म्हणायचे, "समोरचा उमेदवार लोकांना दिसायला नको?" दोन्ही पक्ष एकाच टॅक्सीतून. घरात शिरले की मत मागायचं राहूनच जायचं. "वहिनी, आज काय केलंय?" हा पहिला प्रश्न. पोहे पुढे आले की कढीलिंबाचं पानसुद्धा टाकायचे नाहीत. पोरांना जवळ घेऊन मराठीत शाळेतलं विचारायचे, पोरं इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि हे ओ की ठो कळलेलं नसताना "शाबास!" म्हणून मोकळे व्हायचे. निघताना दारातल्या सगळ्या चपला, पोरांच्या इवल्या सँडलांसकट, जोडीनं लावून ठेवायचे. मग जिन्यात मला म्हणायचे, "प्रचार राहिला रे. पुढच्या घरी तू बोल."

मला मत पडायचं एकच, आणि तेही त्यांचं. "समोरच्याला शून्य बरं दिसत नाय," म्हणायचे.

ज्यांनी आखात पाहिलेलं नाही त्यांना एक सांगायला हवं. तिथं बॅचलर म्हणजे लग्न न झालेला नव्हे. ज्याच्या पगारावर बायकोला फॅमिली व्हिसा मिळत नाही, तो बॅचलर. आंजर्लेकरांना गावी बायको, दोन मुली, थोरली लग्नाला आलेली. तरी ते बॅचलरच. मंडळाच्या गणपतीत सगळ्यांचं जेवण आम्ही बॅचलरांनी रांधायचं, खुर्च्या आम्ही उचलायच्या, आणि पान वाढलं की 'फॅमिली फर्स्ट'. घरी आम्हाला कोणी बोलवायचं नाही. स्टेजवरून 'आपण सारे एक कुटुंब' म्हणणारेही नाही. घरात बायका-मुली असतात, बॅचलरांचा काय भरवसा! हे आठवलं की अजून तोंड कडू होतं. भरवसा नसलेल्यांच्या हातचा मसालेभात मात्र मागून मागून खायचे.

चौथ्या खेपेला सेक्रेटरींनी सभेत ठराव मांडला. हे गृहस्थ बँकेत ऑफिसर, टाय लावून आरतीला यायचे. आंजर्लेकरांची सेवा पाहता त्यांना कायमचे अध्यक्ष करावं, असा ठराव. टाळ्या पडल्या, शाल आली, श्रीफळ आलं. सेक्रेटरी माईकवरच हसत म्हणाले, "आता दारोदार फिरायचा ताप नको. तुम्हालाही आणि आम्हालाही!"

पुढच्या रांगेतल्या वहिनी मनापासून हसल्या.

आंजर्लेकर शाल सावरत माईकजवळ आले. "पण लोकशाही..." एवढंच म्हणाले. कोणीतरी पुन्हा टाळ्या वाजवल्या आणि ते खाली बसले. खलास म्हणायचे राहिले. मला वाटलं, माणूस आनंदानं गहिवरला.

पुढच्या शुक्रवारी जेवण झाल्यावर त्यांनी खिळ्यावरचा पांढरा शर्ट काढला.

"अध्यक्ष, कुठं निघालात?"

"जरा जाऊन येतो."

चार वाजायच्या आत परत आले. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. खाटेवर बसून तांब्याभर पाणी प्याले.

"कोणाकडे गेला होता?"

"सेक्रेटरींकडे. दारापर्यंत गेलो. चपला सगळ्या विस्कटलेल्या होत्या, त्या लावल्या."

"मग?"

"मग काय, आलो."

"बेल नाही वाजवली?"

ते शर्टाची बटणं काढत राहिले. मला त्या टायवाल्याचा असा संताप आला, की त्याची शाल त्याच्याच तोंडावर नेऊन फेकावी.

"वाजवणार होतो रे," ते म्हणाले. "पण वहिनींनी विचारलं असतं, काय काम काढलंत? तर काय सांगू? आता मत मागायचीपण सोय राहिली नाय."