वीरप्पांची दातांची पारख

उमरग्याच्या बाजारात वीरप्पांनी ज्याचा जबडा उघडला नाही, तो बैल बैलच नव्हे! नुसतं तोंडात डोकावून ते बैलाचं वय सांगत, स्वभाव सांगत, आणि रंगात आले की मालकाच्या सासूचाही स्वभाव सांगत.

अशा माणसाच्या नातीचे दात परक्या डॉक्टरनं बघायचे?

"सात वर्षांची पोर! निम्मे दात अजून दुधाचे हायत की!"

"आप्पा, शिवप्रियाला भाकरीचा तुकडा तोडता येईना," मुलगा गौरीशंकर कळवळून म्हणाला. "सोलापूरचे डॉक्टर महिन्यातून एकदाच येतात. आज चुकलं की गेला महिना!"

"मग मी पण येतो. बघतोच!"

इथंच गौरीशंकरची साडेसाती सुरू झाली. दवाखान्यात तो नंबर लावायला खिडकीशी गेला, तोवर आप्पांनी बाकावर बाजार भरवला! शेजारी बसलेल्या माकणीच्या पोराची हनुवटी धरली, अंगठ्यानं खालचा ओठ उलटला.

"दोनदाती! पक्के दोनच आलेत, लई बेस. घरी न्या, आपोआप जुळतंय."

"खरंच व्हय, अण्णा?"

"हयात गेली माझी जबडे बघण्यात!"

जबडे कुणाचे, हे कुणी विचारलं नाही आणि आप्पांनीही सांगितलं नाही. बघता बघता रांग लागली. एका पोराला तर त्यांनी व्हरांड्यात चालवून बघितलं!

गौरीशंकर परतला तर बाक रिकामा! तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले.

"माझे पेशंट कुठं गेले?"

"पाठवले घरी," आप्पा मिशीवर हात फिरवत म्हणाले. "समदे जुळणारे व्हते."

गौरीशंकरला वाटलं, फरशीच्या फटीत शिरावं आणि वरून सिमेंट ओतून घ्यावं. डॉक्टरांनी शिवप्रियाला खुर्चीत बसवून तोंडात आरसा घातला.

"वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या मागं अडकलेत. लवकर आणलंत हे बरं झालं. आत्ता काढता-घालता येणाऱ्या पट्टीवर भागेल. जबडा पक्का झाला असता तर अवघड होतं."

"साफ खोटं! मी रोज बघतो. दात एका सुतात हायत!"

"खालचे आहेतच. वरचे कधी बघितलेत?"

"वरचे?" आप्पा गोंधळले. "बैलाला वर पुढचे दात असतात व्हय कुठं?"

डॉक्टरांनी आरसा खाली ठेवला. गौरीशंकरनं कपाळाला हात लावला.

"अज्जा," खुर्चीतून शिवप्रिया म्हणाली, "मी बैल हाय का?"

पुढच्याच क्षणी उमरग्याच्या स्टँडकडं धोतराचा सोगा धरून एक म्हातारा धावताना लोकांनी पाहिला.

"ओ माकणीवाले! उतरा खाली! पोराचं निम्मं तोंड बघायचं राहिलंय!"