गवेसाहेबांचं भाषण आणि भिंगरीचा गोल

मुलांनो, नीट बसा पाहू. चुळबूळ नको.

एका जंगलात मुलींची बरीच कॉलेजं होती आणि दरवर्षी त्यांची अखिल जंगल फुटबॉल अजिंक्यपद स्पर्धा व्हायची. स्पर्धा चालू असेपर्यंत कोणी कोणाला खायचं नाही, असा नियम होता. खाल्लं तर फाउल धरत.

यंदा अंतिम सामन्यात डोंगरपायथा कॉलेजच्या सशिणी आणि नदीकाठ कॉलेजच्या कोल्हिणी समोरासमोर आल्या. सशिणींची कप्तान होती भिंगरी. सकाळपासून ती धास्तावली होती. कोल्हिणींमुळे नव्हे, आईमुळे. आई पहिल्यांदाच सामना बघायला आली होती.

आईला हे खेळणं मुळीच पसंत नव्हतं. "पायानं चेंडू उडवायला कॉलेज कशाला लागतं?" ती म्हणायची. "एकदा येऊन बघते. नाही पटलं तर उद्यापासून बंद." शिवाय तिला अंधार पडायच्या आत बिळात परतायचं होतं.

भिंगरी मैदानावर आली आणि बघतच राहिली. अर्ध्या मैदानात मांडव घातला होता. तिथल्या गोलपोस्टला गवेसाहेबांच्या स्वागताचा फलक बांधला होता. गवेसाहेब स्पर्धेचे अध्यक्ष, आणि प्रमुख पाहुणेही तेच. ते एकदा चुकून चेंडूवर बसले होते, एवढाच त्यांचा फुटबॉलशी संबंध.

आधी दिवा लावला. मग हार झाले. गवेसाहेब प्रत्येक हार आधी खात आणि मग नमस्कार करत, त्यामुळे वेळ लागला. मग ते माइकसमोर आले.

"मी आपला जास्त वेळ घेणार नाही," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

जाणत्यांनी ओळखलं, आज काही खरं नाही.

दोन्ही संघ रांगेत उभे. ऊन कलायला लागलं. अखेर आई कान झटकून उठली आणि भिंगरीपाशी आली.

"निघते मी. पाहिलं तुझं फुटबॉल. नुसतं उभंच राहायचं असतं होय?"

भिंगरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. शेजारी कोल्हिणींची कप्तान केतकी उभी होती.

"रडतेस काय?" ती कुजबुजली. "मांडवामागे अर्धं मैदान रिकामं आहे."

"तिकडे गोल एकच आहे गं."

"दुसरा चपलांचा करू. गवेसाहेबांच्या बाहेरच आहेत."

पंच होत्या टिटवीबाई. "हे नियमात बसत नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी क्षणभर भाषण ऐकलं. "पण चला."

भिंगरीनं आईला हाताला धरून मागे नेलं. सामना सुरू झाला. एकेक करून प्रेक्षकही मांडवातून सटकले आणि मागे येऊन बसले.

आई तोंड वाकडं करून बघत होती. तेवढ्यात केतकीनं भिंगरीच्या पायात पाय घातला. भिंगरी कोलमडली. आई ताडकन उठली.

"ए कोल्हे! पाय घालतेस? ऊठ गं भिंगरे! डावीकडे बघ, डावीकडे!"

भिंगरी उठली. तिनं डावीकडे पाहिलं. वाट मोकळी होती. चेंडू सुसाट गेला तो थेट दोन चपलांच्या मधून पार!

एकच जल्लोष झाला. नेमके तेव्हाच गवेसाहेब म्हणत होते, "मुलींनी मैदानात उतरलं पाहिजे!" टाळ्या ऐकून ते खूश झाले आणि तेच वाक्य त्यांनी पुन्हा पुन्हा म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा अंधारलं होतं. समोर फक्त माइकवालं माकड होतं, तेही झोपलेलं. "अपुऱ्या प्रकाशामुळे अंतिम सामना रद्द करण्यात येत आहे," गवेसाहेबांनी जाहीर केलं. मग उत्कृष्ट संयोजनाबद्दल त्यांनी अजिंक्यपदाचा कप स्वतःच्या हस्ते स्वतःच स्वीकारला. फोटो निघाला. त्यात कप दिसतो, गवेसाहेब दिसतात आणि मागे सशिणींचे थोडे कान दिसतात.

परतताना भिंगरी धुमसत होती. "आई, जिंकलो होतो गं आम्ही!"

"ते असू दे," आई म्हणाली. "पुढच्या वर्षी कधी असतं हे?"

"असेल याच सुमारास. पण माझं हे शेवटचं वर्ष. पास झाले की संपलं."

आई वाटेतच थांबली. तिनं बराच विचार केला.

"मग एखादा विषय राहू दे की," ती म्हणाली.

तात्पर्य : अध्यक्षांचं भाषण लांबलचकच असावं. तेवढाच वेळ मुलींना निवांत खेळता येतं.