दंताजीची चरबी आणि पाच मापं

एका जंगलात, बाळांनो, सिंहमहाराजांना हरीण सापडेनासं झालं. महाराज धावायचे, चार झाडं ओलांडली की धापा टाकत बसायचे. हरीण पुढे जाऊन मागे वळून बघायचं. ते वळून बघणं महाराजांना फार लागायचं.

"प्रधानजी, आम्ही का दमतो?" त्यांनी विचारलं.

प्रधान कोल्हा होता. खरं उत्तर त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं दुसरं दिलं. "महाराज, आपला पहारेकरी लठ्ठ झालाय. त्याला बघूनच आपलं अंग जड होतं."

झालं! लगेच दवंडी पिटली. ज्या पहारेकऱ्याच्या अंगात बावीस टक्क्यांहून जास्त चरबी निघेल, त्यानं राखीव रान सोडून बिबट्याच्या टेकडीवर राहायला जायचं.

पहारेकरी होता एकच, पाणवठ्यावरचा दंताजी रानडुक्कर. घरी बायको राणूबाई आणि सात पिल्लं. बिबट्याच्या टेकडीवर सात पिल्लांतली महिनाभरात किती उरतात, हे गणित मी तुम्हाला घालणार नाही.

"अहो, टक्के म्हणजे काय?" राणूबाईनं रडत विचारलं.

"शंभरातले किती, ते."

"पण तुम्ही तर एकच आहात!"

दंताजीनं स्वतःला मोजून बघितलं. एकच भरला.

आता या दरबाराची एक रीत ऐका. पूर्वी एकदा अस्वलानं महाराजांच्या पणजोबांना कसल्याशा अळंब्या खाऊ घातल्या आणि पणजोबा आठ दिवस उताणे पडले. तेव्हापासून नियम झाला. दरबारात जो नवीन काही आणेल, त्यानं ते आधी स्वतःवर करून दाखवायचं. मग इतरांवर.

पहिला आला खेकडा. रीतीप्रमाणे त्यानं आधी स्वतःला चिमटा काढला आणि डोळ्यांत पाणी आणलं. मग दंताजीच्या पोटाला, पाठीला आणि मांडीला चिमटे काढून कातडीखालची जाडी बघितली.

"एकोणीस!"

राणूबाईनं सुटकेचा श्वास सोडला. पण प्रधान म्हणाला, "परत घ्या." खेकड्यानं परत चिमटे काढले, फक्त बोटभर खाली.

"सव्वीस."

"अहो, मघाशी एकोणीस होती ना?" राणूबाई कळवळली.

"मघाशी मी वर धरलं होतं," खेकडा म्हणाला. त्याला यात काही वावगं वाटलं नाही.

मग आला अजगर. तो आधी स्वतःभोवती गुंडाळला गेला आणि कसाबसा सुटला. त्याची पद्धत सोपी होती. कमरेचा घेर घ्यायचा, त्यातून मानेचा घेर वजा करायचा आणि पुढचा हिशेब मनात करायचा. कंबर सापडली. मान काही सापडेना. बाळांनो, रानडुकराला मान असते, पण ती कुठे संपते हे त्यालाही माहीत नसतं.

"मान शून्य धरतो," अजगर म्हणाला. "एकेचाळीस!"

तिसरी म्हातारी मगर. तिनं आधी स्वतः डोहात बुडी मारली. तिची पद्धत सगळ्यांत जुनी आणि नावाजलेली. चरबी पाण्यावर तरंगते, हाडमांस बुडतं.

"छातीतला सगळा श्वास सोडा आणि तळाशी स्वस्थ बसा," ती दात दाखवत म्हणाली.

मगरीच्या डोहात श्वास सोडून तळाशी कोण स्वस्थ बसेल? खिदळू नका, तुम्ही तरी बसाल का? दंताजीनं उलट छाती गच्च भरून घेतली आणि भोपळ्यासारखा वर आला.

"तरंगतो. तेहतीस," मगर हिरमुसून म्हणाली.

चौथं माकड. त्यानं डाक बंगल्यातून एक काचेची ताटली पळवली होती. तिच्यावर उभं राहिलं की पायांतून बारीकशी वीज फिरायची आणि आकडा उजळायचा. रीतीप्रमाणे माकड आधी उभं राहिलं. मग दंताजी चढला. पण खुरांतून वीज कुठली जायला! काचेवर माकडाचाच आकडा तसाच राहिला.

"तेवीस पूर्णांक सात!" माकडानं वाचलं. ते दशांश ऐकून सगळा दरबार उठून उभा राहिला.

"हे काय चाललंय?" महाराज गरजले. "एकोणीस, सव्वीस, एकेचाळीस, तेहतीस, आणि हे पूर्णांकवालं. खरं कुठलं?"

तेव्हा वरच्या फांदीवरून गिधाडशास्त्री खाली उतरले. फार विद्वान. ते घसा खाकरून म्हणाले, "महाराज, हे सगळे अंदाज. खात्रीचं माप एकच. प्राणी फाडायचा, चरबी वेगळी काढायची आणि तोलायची. यात चूक होत नाही."

"आणि मग?" राणूबाईनं विचारलं.

"मग अहवाल मिळतो."

महाराजांनी ओठांवरून जीभ फिरवली. आठ दिवस पोटात हरीण नव्हतं. "आम्हाला अचूकता हवीच," ते म्हणाले.

दंताजीनं पिल्लांकडे बघितलं आणि मान खाली घातली. ती कुठून खाली घातली, हे अजगरानं टिपून ठेवायला हवं होतं.

राणूबाई मात्र पुढे आली. पदर नव्हता, नाहीतर तिनं तो खोचला असता.

"माझी ना नाही, महाराज. पण रीत ती रीत. शास्त्रीबुवांनी आधी स्वतःवर करून दाखवावं."

रीत पणजोबांची होती. रीत मोडली तर उद्या सिंहच राजा का, असंही कुणी विचारलं असतं. महाराज गिधाडाकडे बघू लागले.

शास्त्रीबुवांनी पंख आवरले. एक डोळा मिटून दंताजीला लांबून न्याहाळलं.

"फाडण्याची तशी गरज नाही," ते म्हणाले. "मुरलेल्या नजरेला दिसतंच. वीस टक्के."

"दशांश?" महाराजांनी विचारलं.

"वीस पूर्णांक चार," म्हणत शास्त्रीबुवा पुन्हा फांदीवर गेले.

बावीसच्या आत बसलेला दंताजी पाणवठ्यावर परतला. पिल्लं सातच्या सात राहिली.

मग प्रधानानं महाराजांचं माप काढवलं. मगर, अजगर, माकड आणि फांदीवरून गिधाड, सगळ्यांनी एकाच वेळी सांगितलं, "नऊ टक्के!" खेकड्यानं तर बिळातूनच सांगितलं. महाराज खूश झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते हरणामागे धावले आणि चौथ्या झाडापाशी बसले. हरणानं मागे वळून बघितलं.

तात्पर्य: अंगातली चरबी अगदी अचूक मोजता येते, फक्त ते अंग राजाचं असावं लागतं. बाकीच्यांनी थोडं चुकलेलं माप आनंदानं घ्यावं आणि सगळ्या अवयवांसकट घरी जावं.