अण्णांची अण्णांनाच हरकत

आमच्या कॉम्प्लेक्सचे सेक्रेटरी कांबळे अण्णा स्वतःला पत्रं लिहितात. उत्तर वेळेत आलं नाही तर स्मरणपत्रही पाठवतात.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तीनशे एकच्या, म्हणजे स्वतःच्याच बंद दाराखालून त्यांनी एक लिफाफा आत सरकवला. मग खिशातून किल्ली काढून दार उघडलं, वाकून लिफाफा उचलला, चष्मा चढवला आणि म्हणाले, "बघू, कुणाचं आलंय." आणि त्यावर 'आवक'चा शिक्का मारला. मी भाजीची पिशवी घेऊन जिन्यात उभी होते.

"अण्णा, तुमचंच आहे की ते!"

"असंल. पन टेबल येगळं आन् मानूस येगळा, बाई."

अण्णांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात आवक-जावकच्या टेबलावर गेली. खात्यानं त्यांना निवृत्त केलं, टेबलानं मात्र सोडलं नाही. तोंडी सांगितलेलं त्यांना ऐकूच येत नाही. "पाणी येत नाही अण्णा," म्हटलं की, "कागद आणा." वरच्या मजल्यावरच्या पोरांची गाणी मोठ्यानं वाजतात म्हटलं की, "कागद आणा." एकदा मी वैतागून म्हटलं, "अण्णा, तुमच्या शर्टावर पाल आहे." तेवढं मात्र त्यांनी तोंडी मान्य केलं.

आमचं हे कॉम्प्लेक्स शहर संपता संपता उभं आहे. बिल्डरनं फ्लॅट विकताना सगळ्यांच्या कानात एकच मंत्र सांगितला होता, गुंतवणूक. त्यामुळे झालं असं, की मालक सगळे पुण्याला, बंगळुरूला, एक तर थेट दुबईला. आणि राहणारे सगळे माझ्यासारखे भाडेकरू. मी राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते आणि दर अकरा महिन्यांनी नवा करार करून इथंच राहते. बाकीचे अकरा महिने झाले की टेम्पो बोलावतात. इथल्या माणसांची नावं पाठ होईपर्यंत ती गेलेली असतात.

वार्षिक सभेलाही मालकांपैकी एकटे अण्णाच येतात. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडतात, अर्धा तास घड्याळाकडे बघत बसतात, कोरम नाही म्हणून सभा तहकूब करतात, आणि तहकूब सभा लगेच त्याच खुर्चीत पुन्हा सुरू करतात. मागच्या वेळी ते बऱ्यापैकी भांडलेही. सेक्रेटरींच्या कारभारावर एका सभासदानं ताशेरे ओढले, असं इतिवृत्तात लिहिलंय.

या अण्णांनी निवृत्तीच्या पैशातून आपल्या समोरचाच तीनशे दोन नंबरचा फ्लॅटही घेतला होता. पाच वर्षांत दुप्पट होईल म्हणून. सात वर्षं झाली, दुप्पट फक्त जिन्यातली जळमटं झाली. तो विकून त्यांना कागलजवळच्या आपल्या गावी भावाच्या घराशेजारी दोन खोल्या बांधायच्या होत्या. "म्हातारपन चार मानसांत काडायचं बाई. हितं मेलो तर खांदा द्यायला कोन येनार? नवीन भाडेकरू? त्यास्नी तर मी कोन हेच म्हाईत नसनार."

गिऱ्हाइकं यायची आणि जायची. "हितं मालक किती ऱ्हात्यात?" असं कुणी विचारलं की अण्णा खरं सांगायचे. "भाडेकरूच लई दिसत्यात," म्हणत पाहुणे चहा पिऊन उठायचे. दोन वर्षं हेच.

आणि मग सुतार नावाचे गृहस्थ आले. त्यांच्या लेकीला इथल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. भाडेकरू-मालक त्यांनी काही विचारलं नाही. भाव ठरला, पेढे वाटले. अट एकच, कॉलेज सुरू व्हायच्या आत फ्लॅट रिकामा हवा आणि सोसायटीचा ना हरकत दाखला हवा.

दाखला देणार कोण? सेक्रेटरी. म्हणजे अण्णा. मी जिन्यात पाहिला तो लिफाफा याच अर्जाचा.

मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. पण सेक्रेटरी अण्णांनी अर्जदार अण्णांना आठ दिवस झुलवलं. मी विचारलं तर म्हणाले, "प्रक्रियेत हाय."

तीनशे दोनमध्ये तेव्हा इरफान आणि शबाना राहत होते. इरफान फाउंड्रीत कामाला. शबानाला नुकतीच मुलगी झाली होती. आई नाही तिला, त्यामुळे बाळंतपण इथंच. आमच्याकडे तोवर बाळ असं नव्हतंच. पोरी दिवस भरत आले की माहेरी जायच्या आणि परत येईपर्यंत करार संपलेला असायचा.

एका संध्याकाळी इरफान माझ्या दारात आला. चेहरा उतरलेला.

"मॅडम, फ्लॅट विकाय काडलाय म्हनून आमी दुसरी खोली बघिटली. सोडतो म्हनून अण्णास्नी सांगाय गेलतो, तर कागद आण म्हनाले. कागद दिला तर विषय लिवला न्हाईस म्हनून परत. विषय लिवला तर तारीख न्हाई म्हनून परत. आता कारण स्पष्ट न्हाई म्हनत्यात."

माझं डोकंच फिरलं. घरात ओली बाळंतीण, आणि हा माणूस त्या पोराला विषय आणि तारखेसाठी हेलपाटे घालायला लावतोय! मी तशीच वर गेले. दार सताड उघडं होतं. अण्णा टेबलाशी बसून डिंक लावत होते.

"लाज वाटत नाही अण्णा? तो बिचारा स्वतःहून जातोय, तर त्याचा अर्ज घेत नाही तुम्ही?"

"घेटला तर त्याला जावं लागंल की," अण्णा म्हणाले.

मला उलगडा होईना. त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. जावक क्रमांक, शिक्का, सही, सगळं जागच्या जागी.

"अर्जदार श्री. कांबळे यांचा अर्ज नामंजूर करण्यात येत आहे. कारण, सदनिका क्रमांक ३०२ मध्ये बाळंतीण व तान्हे मूल वास्तव्यास आहे. सदर बाळंतिणीस आई नसल्याने सदर सदनिका हेच तिचे माहेर समजण्यात यावे. माहेरवाशिणीस अशा स्थितीत घराबाहेर काढता येत नाही. आपला विश्वासू, सेक्रेटरी."

मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना अक्षरं नीट दिसेनात.

"सुतारांना कळवलं?"

"कळवलं. त्यास्नी थांबता यीना, लेकीचं कॉलेज हाय. दुसरीकडं घेटला त्यांनी. भला मानूस. जाताना बाळाला म्हनून टोपडं माज्याकडं दिऊन गेला."

"आणि अर्जदार?" मी विचारलं. "त्याला वाईट नाही वाटलं?"

अण्णांनी डिंकाच्या बाटलीला बूच लावलं. समोरच्या दारात शबाना बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, ती आमच्याकडे बघून हसली.

"वाटलं की," अण्णा म्हणाले. "गावाकडं घर बांदायचं हुतं त्याला. पन बाई, ह्या सात वर्सांत पैल्यांदा समोरचं दार दिसभर उघडं असतंय. ते बंद कराय मी त्याला कागद देनार न्हाय."