खुनी पहिल्याच पानावर

सुमनकाकूंनी गुप्तहेरकथा वाचली की खुनी पहिल्याच पानावर पकडला जातो. त्या तिथे पेन्सिलीनं लिहून ठेवतात, 'खून माळ्याने केला.' खाली जाडजूड रेघ.

खासगी गुप्तहेर जयकरांची जुनी मालिका म्हणजे काकूंचा जीव की प्राण. तक्रार एकच. "भर उन्हाळ्यात कोट घालून हिंडते. घामोळं कसं उठत नसन गा याले?"

हुडकेश्वरला आमचं घराला घर लागून. प्रताप नगरच्या वाचनालयाचं कार्ड माझ्या नावावर, वाचणार काकू. म्हणजे बोलणी कोणाला? मलाच! परवा तिथल्या बाईंनी सगळ्यांसमोर पुस्तक उघडून धरलं, "हे तुमचे उद्योग?" एक आजोबा म्हणाले, "तोंडातला घास काढला गा तुम्ही माझ्या!" कुठं तोंड लपवू असं झालं. तडक काकूंकडे गेलो.

"लाज आणली तुम्ही! लोकांची मजा पाहवत नाही का तुम्हाला?"

काकू शेंगा सोलत होत्या. हात थांबला.

"मजेपायीच तर सांगितलं नाही गा यांना."

यांना म्हणजे काकांना. ते कळमेश्वरच्या कारखान्यात होते. पुस्तक आधी काकू वाचायच्या, मग काका कंपनीच्या बसमध्ये. त्यांचा संशय कायम जावयावर, स्वतः जावई असून! संध्याकाळी चपला काढता काढता विचारायचे, "खुनी कोण वं? जावईच ना?" काकू म्हणायच्या, "वाचा तुमचे तुम्ही."

"दवाखान्यातबी विचारलं. 'लंगड्या घोड्याचं गूढ' अर्धं झालं होतं. सांग ना वं, म्हणे. मी हासली. म्हटलं, घरी चला, मग वाचा." काकूंनी पदर डोळ्याला लावला. "घरी आलेच नाही. आता वाटते, वाचता वाचता कोणाचं काही झालं तर? त्याले माहीत तर पाहिजे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय बोलून बसलो मी या बाईला!

"आण ते पुस्तक, खोडून देते," त्या उठल्या. "तुले माझ्यापायी बोलणे बसले."

"राहू द्या, काकू. लंगड्या घोड्यात खुनी कोण होता?"

काकू थांबल्या. माझ्याकडे नाही, भिंतीवरच्या काकांच्या फोटोकडे पाहत हळूच म्हणाल्या,

"जावईच होता जी. तुमचं बरोबर होतं."