गडाकडचा गुडघा

आतारचाचांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही. गुडघा राहतो.

नसरापूरच्या चौकात शेअर रिक्षांच्या गर्दीतून एखादी पाठमोरी बाई चाललेली असते आणि चाचा मला सांगतात, "त्या बघा ताई, सारोळ्याच्या. उजवा. काठी सोडायला लई दिवस घेतले हुते." तेवढ्यात बाई वळतात आणि चाचा गडबडतात. समोरून माणूस ओळखायची त्यांना सवयच नाही. मग ते नजर खाली नेतात आणि गुडघ्याकडे बघूनच हसत विचारतात, "काय म्हणतोय?" बाईंनाही कळतं, की ही चौकशी आपली नाही. तरी त्या खुशीत उत्तर देतात.

माझं लग्न वरव्याला झालं. स्टेजवर आलेलं माणूस नवऱ्याचा चेहरा बघतं, फार तर शेरवानी बघतं. चाचांनी आहेराचं पाकीट माझ्या हातात ठेवलं, दोन पावलं मागे सरकले आणि नवऱ्याला म्हणाले, "जरा त्या टोकापतुर चालून दाखवा." नवरा बिचारा गेला. भर मांडवात, मुंडावळ्या सावरत, फोटोवाल्याच्या मागून गेला आणि परत आला. चाचांनी मान हलवली. "डावा पाय वाईच बाहेर टाकतात. बाकी काय न्हाई. खातरजमा झाली." माझ्या सासूबाई अजून मला विचारतात, की तो माणूस तुझा नक्की कोण लागतो.

लागत कोणीच नाही. हायवेला लागून असलेल्या एका दवाखान्यात आम्ही दोघं रेकॉर्डच्या खोलीत बसतो. आमच्याकडे गुडघे आणि खुबे बदलतात. सांधा डॉक्टर बदलतात. पण कोणाचा बदलला, कुठल्या बाजूचा, कुठल्या मापाचा, हे फाइलीत आणि कॉम्प्युटरात सारखंच उतरलंय ना, ते आम्ही तपासतो. नवा सांधा ज्या खोक्यातून येतो त्यात स्टिकर असतात. ते फाइलीत चिकटवायचे, म्हणजे पुढेमागे त्या सांध्यात काही खोट निघाली तर कोणाला बोलावून घ्यायचं ते कळतं. काम फार महत्त्वाचं आहे आणि फार कंटाळवाणं आहे. यातलं पहिलं चाचा सांगतात, दुसरं मी.

'खातरजमा' हा चाचांचा शब्द. त्यांचे वडील कचेरीत शिपाई होते, तिथून तो घरात आला असावा. कँटीनचा चहा बिनसाखरेचा मागवला, की चाचा आधी चमचा बुडवून चाखतात, मग पोऱ्याला विचारतात, मग बनवणाऱ्याला विचारतात. तिघांचं जमलं की पितात. तोवर चहा निवलेला असतो. भोरला जाणारी एसटी फलाटाला लागली की ते पाटी वाचतात, कंडक्टरला विचारतात आणि पुढे जाऊन ड्रायव्हरलाही विचारतात. कंडक्टर म्हणतो, "चाचा, रोज हीच गाडी हाय, रोज तुमी हाय, रोज मी हाय." चाचा म्हणतात, "आज बदलली आसंल तर?" एकदा या चौकशीत गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशी चाचा समाधानाने सांगत होते, की गाडी भोरचीच होती.

डावं-उजवं हा मात्र त्यांचा खरा गड. समोर बसलेल्या माणसाचा उजवा पाय आपल्या डाव्या हाताला येतो, आणि निम्म्या चुका तिथंच होतात. म्हणून चाचा पेशंटच्या समोर कधी उभे राहत नाहीत. पलंगाला वळसा घालून उशापाशी जातात, पेशंट बघतोय तिकडेच तोंड करतात आणि मग बोलतात, "तुमचा उजवा. माझा न्हवं, तुमचा." ऑपरेशनच्या आधी नातेवाइकाने, कागदाकडे न बघता, कुठली बाजू ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं, हा आमच्याकडचा नियमही त्यांनीच डॉक्टरांच्या मागे लागून करून घेतला. नातेवाईक अडखळला की चाचांचं तोंड बघण्यासारखं होतं. "घरच्या मानसाला पाय म्हाईत न्हाई? सोबत ऱ्हाता का निस्ते भाडेकरू हाय?" एका जावयाला त्यांनी असं काही झापलं होतं, की तो उठता बसता सासूचे पाय धरायला लागला.

तर अशा या माणसाच्या घरात, त्यांच्या बायकोचे, खैरूनचाचींचे, दोन्ही गुडघे गेलेले.

मी भोरला त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा दोघं दाराच्या पायरीवर बसले होते. चाचींच्या मांडीवर गवार निवडायचं सूप, आणि त्यांच्या उजव्या हाताला चाचा. मला जागा द्यायला चाची सरकायला लागल्या तेव्हा चाचा डावीकडे आले असते तर सोपं होतं. पण ते जागचे हलले नाहीत. "ह्येंची जागा ठरल्याली हाय," चाची म्हणाल्या. "निकाह झाल्यापासनं हितंच बसत्यात. उठवलं तर चहा गोड लागत न्हाई." मी आपली समोर पाट घेऊन बसले.

पूर्वी बाजाराला दोघं जोडीने जायचे. भाजी चाची निवडायच्या, पिशवी चाचांकडे. मग चाचींचं चालणं पायरीपर्यंत आलं आणि चाचा एकटे जायला लागले. लोकांच्या फाइलीत स्टिकर तिरका लागला तर ओळखणारा हा माणूस मेथी म्हणून काय काय घरी आणायचा ते सांगायची सोय नाही. आमच्याच दवाखान्यात चाचींचं ऑपरेशन व्हायला हवं, हे डॉक्टर सांगत होते, लेकी फोनवरून सांगत होत्या. चाचीच ऐकत नव्हत्या. आणि त्याला कारण होते चाचा.

झालं असं, की इतकी वर्षं चाचा रोज घरी जाऊन जेवताना दिवसभरात सापडलेल्या चुका बायकोला सांगत आले. कुठे डाव्याचं उजवं लिहिलं होतं, कुठे एकाचा स्टिकर दुसऱ्याच्या फाइलीत गेला होता. त्या सगळ्या कागदावरच्याच चुका, आणि सगळ्या वेळेत दुरुस्त झालेल्या. पण चाचींनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला. "जिथं ह्यांना रोज एक चूक घावती," त्या मला म्हणाल्या, "तिथं म्या पाय घिऊन जाऊ?" चाचा गवारीकडे बघत राहिले.

त्यात हौसाबाईंचं प्रकरण झालं.

हौसाबाई वेल्ह्याकडच्या. ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं, की आम्ही पेशंटना फोन करतो आणि गुडघ्याची हालहवाल नोंदवतो. मी विचारलं, "आजी, कुठला गुडघा बदलला होता?"

"गडाकडचा."

"म्हणजे डावा का उजवा?"

"त्ये तुमचं तुमी बघा. गडाकडचा. अन् आता गडाकडचाच दुकतोय."

बदललेलाच गुडघा दुखतोय म्हणजे भानगड. फाइलीत डावा होता. डॉक्टर म्हणाले, बोलावून घ्या, एक्स-रे काढू. पण चाचांनी पिशवी उचलली. "म्हातारीला कशाला धक्के? मीच खातरजमा करून येतो." आणि नसरापूरहून वेल्ह्याच्या गाडीत बसले. अर्थात, ड्रायव्हरला विचारून.

तिथे गेल्यावर उलगडा झाला. हौसाबाई दिवसभर ओट्यावर एकाच जागी बसतात. त्यांना डावं-उजवं कळत नाही, कधी लागलंही नाही. ऑपरेशनच्या वेळी त्यांच्या ओट्यावरून तोरणा डाव्या हाताला दिसायचा. तो गडाकडचा गुडघा बदलला, तो ठणठणीत होता. मधल्या काळात मुलाने रस्त्यापलीकडे, जुन्या घराच्या समोर तोंड करून, नवं घर बांधलं. ओटा बदलला आणि गड उजवीकडे आला. आता उजवा दुखत होता, आणि तोही गडाकडचाच. हौसाबाई एका शब्दालाही चुकल्या नव्हत्या.

चाचांना त्या दिवशी कोण आनंद झाला! त्यांनी हौसाबाईंना ओट्याच्या टोकापासून टोकापर्यंत चालायला लावलं, मोबाईलवर त्याची फिल्म काढली आणि घरी जाऊन बायकोला सगळं हसत हसत सांगितलं. चाचींनी घास खाली ठेवला. "म्हंजी डोंगर हलला तर तुमच्याकडं पाय बदलतो," त्या म्हणाल्या आणि ऑपरेशनचा विषयच बंद झाला.

दुसऱ्या दिवशी चाचांनी कामावर चहा कोणालाही न विचारता पिऊन टाकला. दुपारी डबा उघडून बसले आणि म्हणाले, "ताई, म्याच तिला भ्या घातलं. कौतिकानं सांगत गेलो. कोन चुकतंय त्ये सांगितलं. किती पाय नीट झालं, त्ये सांगायचं ऱ्हाऊनच गेलं." त्यांनी डबा तसाच बंद केला. एरवी त्यांच्या डब्यातली चटणी मी हक्काने उचलते. त्या दिवशी हात गेला नाही.

मग चाचांनी उलटा उद्योग सुरू केला. ज्या पेशंटचं सगळं ठीक असल्याचं फोनवरच कळलंय, त्यांच्याकडेही ते सुट्टीच्या दिवशी जायला लागले. आमच्या फॉर्मात 'चालून दाखवणे' असा रकाना नाही, पण चाचा प्रत्येकाला चालायला लावायचे आणि फिल्म काढायचे. सारोळ्याच्या बाई चालल्या, वरव्याचे एक निवृत्त मास्तर चालले, कोणी जिना चढलं, कोणी म्हशीमागे गेलं. दवाखान्यात बोलवा उठली, की चाचांना वरून काहीतरी मोठं काम आलंय. आलं होतं ते घरून. संध्याकाळी पायरीवर बसून ते एकेक फिल्म बायकोला दाखवायचे. चाची बघायच्या आणि म्हणायच्या, "ह्ये मास्तर तुमच्या भ्यानं चालत्यात." किंवा, "ही बाई चांगली चालतीया, खरं हिचं दुकतच नसंल."

शेवटी ते पुन्हा वेल्ह्याला गेले. हौसाबाईंचा दुसराही गुडघा तोवर बदलून झाला होता. चाचा त्यांच्या ओट्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "आजी, माझ्या घरी चला. भोरला. माझ्या बायकूपुढं चालून दाखवा." मुलाच्या गाडीतून हौसाबाई खरंच आल्या. मी मुद्दाम हजर होते. त्या नव्या नऊवारीत, पायऱ्या चढून, कठड्याला हात न लावता आत आल्या आणि चाचींसमोर खुर्चीत टेकल्या. गुडघ्याबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. चाचांकडे बोट करून एवढंच म्हणाल्या, "बाय, पाय माझं हुतं अन् तुझं हायती. पर कळ समदी ह्या बाबाला लागलीया. त्याच्यासाटी तरी कर."

चाचींनी हौसाबाईंचा गुडघा लुगड्यावरून चाचपून पाहिला. मग म्हणाल्या, "माझी फाइल ह्येंनी बघायची. दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाई."

ती फाइल चाचांनी ज्या तऱ्हेने तपासली तशी तपासणी मी जन्मात पाहिली नाही. चाचींच्या नावातला दीर्घ उकार त्यांनी भिंगातून बघितला. आधी उजवा करायचा ठरला होता, कारण तो जास्त झिजलेला. एक्स-रे, डॉक्टरांची नोंद, संमतीपत्र, पायावर पेनाने काढलेला बाण, सगळीकडे उजवा. सकाळी चाचींना ऑपरेशनच्या खोलीकडे नेताना मी बरोबर होते. दारात सिस्टर थांबल्या. त्यांनी फाइल मिटली, चाचींच्या पायांवर चादर ओढली आणि नियमाप्रमाणे विचारलं, "नातेवाईक कोण? बाजू तोंडाने सांगा."

चाचा पुढे झाले. तोंड उघडलं. आणि काहीच येईना.

त्यांनी चादरीकडे बघितलं. स्वतःच्या पायाकडे बघितलं. एक हात उचलला, खाली ठेवला, दुसरा उचलला. मी आयुष्यात या माणसाला डाव्या-उजव्यात अडकलेलं पाहिलं नव्हतं. ते माझ्याकडे वळले आणि लहान आवाजात म्हणाले, "ताई, उजवा कुठला वो?"

मला हसू फुटायला हवं होतं. फुटलं नाही. नियम मलाही पाठ होता, नातेवाइकाला मदत करायची नाही. सिस्टरनी पुन्हा विचारलं, "चाचा, कुठली बाजू?"

तेव्हा चाचींनी स्ट्रेचरवरून मान वळवली. सगळ्यात भ्यायला हवं होतं त्या बाईंनी, पण त्यांचा आवाज पायरीवर बसल्यासारखा होता.

"आसं काय करताय? तुमी बसता त्या बाजूचा."

चाचांनी स्ट्रेचरला वळसा घातला, उशाकडून येऊन बायकोच्या उजव्या हाताला उभे राहिले, ती बघत होती तिकडे तोंड केलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"उजवा," ते म्हणाले. "तिचा उजवा. खातरजमा झाली."