तुरकर काकाजींचं जिवंत लोखंड

पहिल्याच भेटीत तुरकर काकाजींनी माझ्या गॅसच्या सिलिंडरवर पोलादी छर्रा टाकला.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या वेल्डिंगच्या दुकानात एका गेटचं काम करत बसलो होतो. पाठीमागे टण् आवाज झाला. वळून पाहतो तर साठी उलटलेला, पांढरी टोपी घातलेला एक माणूस सिलिंडरला कान लावून उभा.

"मेलेलं आहे," तो म्हणाला.

"काकाजी, भरलेलं आहे," मी म्हणालो.

तो छर्रा म्हणजे जुन्या ट्रॅक्टरच्या बेअरिंगमधून निघालेली बोराएवढी गोळी. काकाजींच्या सदऱ्याच्या खिशात ती कायम असायची. कुठलंही लोखंड दिसलं की हात छातीइतका वर न्यायचा आणि गोळी सोडायची. चांगलं पोलाद गोळी उसळवून परत हातात देतं, मऊ लोखंड ती गिळून बसतं. उसळली तर लोखंड जिवंत, बसली तर मेलेलं. मधलं काही त्यांच्या जगात नव्हतं.

आता तुम्हाला वाटेल की माणूस लोहार असेल, निदान कुठल्या मिलमधला फिटर असेल. छे. सात एकर धानाची शेती, आणि लोखंडाशी नातं म्हणाल तर घरात चार विळे आणि एक सब्बल, म्हणजे पहार. पण गावात गोळीतून काही सुटलं नव्हतं. एकदा त्यांनी भर वरातीत घोडा थांबवला आणि मालकाला त्याचा पाय उचलून धरायला लावला, नाल पाहायची होती म्हणून. घोड्यावर नवरदेव होता. मी बँडच्या गाडीमागे लपलो. नाल जिवंत निघाली याचा काकाजींना इतका आनंद झाला की त्यांनी घोड्याच्या मालकाला मिठी मारली. नवरदेवाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

माझं सांगायचं तर मी सांगलीकडचा. नववीत शाळा सुटली. राइस मिलची शेड बांधणाऱ्या ठेकेदाराबरोबर इकडे आलो. शेड झाली, ठेकेदार गेला, मी राहिलो. काकाजी मला नावाने कधी हाक मारत नसत, नुसतं 'सांगली' म्हणत. यंदा दुकानाच्या मालकाने सांगून टाकलं की दिवाळीपासून त्याचा मुलगा दुकान पाहणार, तू तुझं बघ. मला त्या रात्री झोप नाही. सकाळी काकाजी आले, गोष्ट ऐकली आणि म्हणाले, "गेट कायले बनवत बसतोस, सांगली? बाजारातला लोहार दोन सालापासून येऊन नाही राहिला. लोक बोथट विळ्यानं धान कापून राहिले. तू भट्टी लाव."

मला लोहारकाम येत नव्हतं. पण त्यांनी ते इतक्या सहज सांगितलं की मला वाटलं, येत असेल. त्यांच्याच घरामागच्या वाडीच्या कोपऱ्यात पत्रे टाकून भट्टी झाली, जुना पंखा लावून वारा झाला, सांडशी मी स्वतः बनवली. राहिली फक्त ऐरण. हलका, म्हणजे लवकर पिकणारा धान कापणीला यायच्या आत ऐरण मिळाली तर माझं दुकान, नाहीतर सांगलीची गाडी. आईला मात्र मी फोनवर सांगून बसलो होतो की दुकान टाकलं.

भंगारात एखादा जाड, कडक तुकडा मिळाला की तोच लाकडाच्या ठोकळ्यावर बसवायचा, असं ठरलं. गणपती बसले त्या आठवड्यापासून आम्ही दर रविवारी माझ्या मोटरसायकलवर निघायचो. पहिल्या रविवारी गोरेगावातच कबाडीवाल्या चाचांकडे, मग गोंदिया, मग सालेकसा. ट्रकचा अ‍ॅक्सल, मेलेला. रोडरोलरचं चाक, मेलेलं. मला त्यातलं बरंच काही चांगलं वाटायचं, पण बोलायची हिंमत नव्हती. या परक्या मुलखात माझ्यासाठी कोण इतकं फिरतंय, याच विचाराने मी गप्प बसायचो.

एका रविवारी दरेकशाला रेल्वे स्टेशनच्या पुढे गवतात रुळाचा हातभर तुकडा पडलेला दिसला. ऐरणीला रुळासारखं दुसरं काही नाही, हे मला चार जणांनी सांगितलं होतं. काकाजी गुडघ्यावर बसले, गोळी सोडली. ती उसळून त्यांच्या हनुवटीला लागली. तेवढ्यात काकाजींनी लाइनीवरून चाललेल्या गँगमनला हाक मारली आणि माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "साहेब, हा सांगलीवाला तुमचा रूळ नेऊन राहिला होता. मी म्हटलं, सरकारचा होय. जिवंत आहे, सांभाळून ठेवा."

मी त्या तुकड्याला हातही लावला नव्हता. गँगमनने आम्हाला स्टेशनात बसवून नावगाव विचारलं, आधार कार्ड पाहिलं, सांगलीचा माणूस दरेकशाला काय करतो हे तीनदा विचारलं. काकाजी शेजारी बसून डब्यातली तांदळाची भाकर खात होते. अर्धी त्यांनी मला दिली, अर्धी गँगमनला.

नंतर मी एकट्यानेच एक उद्योग केला. तलाव खोदणाऱ्या पोकलेनच्या ड्रायव्हरने मला एक जुनी जाड पिन दिली. ती लांब होती, म्हणून गॅसने कापली आणि वरून चपटी केली. लालभडक होईपर्यंत तापवली. कारखान्यात पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा सगळा कडकपणा, त्यात उतरून गेला. हे मला माहीत नव्हतं. रविवारी काकाजींनी गोळी टाकली ती पिठात पडावी तशी पडली. त्यांनी टोपी काढली, घरी गेले आणि विहिरीवर डोक्यावरून आंघोळ केली. शेजारीण मला विचारायला आली, कोण गेलं म्हणून.

असे सात रविवार गेले. शेतातल्या बांध्यांमध्ये हलका धान पिवळा पडला. मंगळवारी मी कुणाला न सांगता एकटाच कबाडीवाल्या चाचांकडे गेलो. म्हटलं, जिवंत असो की मेलेलं, आज मिळेल ते उचलायचं.

चाचा म्हणाले, "अरे, तुम्हारा लोहा तो कब का रखा है."

त्यांनी पोत्यांचा ढीग हलवला. खाली राइस मिलच्या शाफ्टचा तुकडा होता, मांडीएवढा जाड, एका टोकाला सपाट. पहिल्याच रविवारी काकाजींनी मला चहा सांगायला पाठवलं होतं, तेव्हाच तो निवडला होता. झाकून ठेवा, मी सांगेन तेव्हा द्या, असं बजावलंही होतं.

सात रविवार. माझी झोप, माझी आई, दरेकशाची ती चौकशी. तो तुकडा मोटरसायकलला बांधून मी थेट काकाजींच्या घरी गेलो. आजवर मी वाडीच्या कोपऱ्याच्या पुढे कधी गेलो नव्हतो. काकी तीन वर्षांपूर्वी वारल्या, दोन्ही मुलं पुण्याला, एवढं ऐकून होतो. पडवीत काकाजी नव्हते. भिंतीवर कॅलेंडर होतं. बाकीच्या चौकटी कोऱ्या, आणि प्रत्येक रविवारी पेन्सिलने एका गावाचं नाव. मी पानं उलटली. आमगाव. तिरोडा. सडक अर्जुनी. डिसेंबरपर्यंत एकही रविवार रिकामा नव्हता.

एकट्या माणसाचा रविवार काय असतो हे मला कुणी सांगायला नको होतं. आणि त्या सात रविवारी मला घरची आठवण एकदाही आली नव्हती, हेही तिथेच लक्षात आलं.

काकाजी मागच्या दाराने आले. बाहेर मोटरसायकलवर काय बांधलंय ते त्यांनी पाहिलं. बराच वेळ टोपी नीट करत राहिले.

"कापणीच्या आधी देणार होतो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "परवा. पक्कं."

"हो, काकाजी."

"मंग आता तू दुकानातच राहशील."

"बाकीचे दिवस राहीन," मी म्हणालो. "पण नवे विळे करायचे तर ट्रकच्या स्प्रिंगच्या कमानीचं पोलाद लागेल. ते या रविवारी आमगावला मिळेल का?"

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. खिशातून पेन्सिल काढली, कॅलेंडरजवळ गेले, आमगाव खोडलं आणि शेजारी देवरी लिहिलं.

"आमगावले कमानी कोठं," ते म्हणाले. "आणि सकाळी लवकर येजो. दूर आहे."